दुसऱ्याने खेळलेला सामना

११ जून २०२१, शुक्रवार

आमच्या पाद्रींना, डुन साव्हेरना, हो म्हणून बसलो, आता निस्तरायला हवं. चर्चच्या रविवारच्या पत्रकात महिनाभर माझा लेख येणार. विषय : युरो चषकातून श्रद्धेचे धडे. मी कां-कूं करत होतो. तर म्हणाले, "विस्टिन, मिस्साला येतात चाळीस, आणि फ्रेडूच्या बारमध्ये मॅच बघायला दोनशे. आता देवाने कुठे बसावं?"

"देव सगळीकडेच असतो, डुन साव्हेर."

"मग तूही जरा तिकडे जात जा की."

धर्मशिक्षणाचा शिक्षक, धर्मशास्त्राची पदवी, घरी बायकापोरांचा व्याप नाही, म्हणजे वेळच वेळ, असा त्यांचा हिशेब. चूक नाही.

वही नवी आहे म्हणून घरची माणसं लिहून ठेवतो. मी, शेहेचाळीस. वडील, म्हणजे पा, एकोणऐंशी, वरच्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे खाली क्वचित उतरतात. मा नाही. भाऊ बेर्तू, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तीन गल्ल्या पलीकडे राहतो आणि टेम्पोतून भाजी विकतो. पा आणि बेर्तू नऊ वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. जुन्या वहीत ते सगळं आहे. जुनी वही मी उघडत नाही.

माल्टाचा संघ या स्पर्धेत कधीच पोचलेला नाही. म्हणून गावाने दोन परके संघ आपसात वाटून घेतलेत. अर्धं गाव इंग्लंडचं, अर्धं इटलीचं. पा इंग्लंडचे, कारण गोदीत चाळीस वर्षं फिटर होते आणि पोर्ट्समथच्या कुणा मुकादमाने त्यांना स्वतःची फूटपट्टी बक्षीस दिली होती. बेर्तू इटलीचा, कारण पा इंग्लंडचे. मी कुणाचाच नाही. त्यामुळे मला दोन्ही बाजू नीट दिसतात, असं मी मुलांना सांगतो.

आज इटलीने तुर्कस्तानला तीन गोलांनी हरवलं. गल्लीतून हॉर्न वाजत गेले. पांनी खिडकी लावून घेतली.

१३ जून, रविवार

काल डेन्मार्कचा एक खेळाडू मैदानातच कोसळला. हृदय थांबलं होतं, ते परत सुरू केलं. त्याच्या साथीदारांनी त्याच्याभोवती कडं केलं, कॅमेऱ्यांपासून आडोसा म्हणून. एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्यातले बरेच जण त्याच्याकडे पाठ करून उभे होते. मदत करणारा माणूस तोंड करून उभा असतो अशी माझी समजूत होती. पुढच्या लेखात घ्यावं का? पण अजून धड काही सुचत नाही.

इंग्लंड जिंकलं. पांनी चहाचा ग्लास दोनदा मागितला.

२० जून, रविवार

आज पत्रकात आलेला लेख बरा उतरला होता. मुद्दा असा : आपण धावत नाही तरी दमतो, खेळत नाही तरी जिंकतो. अकरा माणसं परक्या देशात घाम गाळतात आणि इथला भाजीवाला "आपण जिंकलो" म्हणतो. त्याला कुणी हसत नाही. कृपा म्हणजे हेच नाही का? दुसऱ्या कुणीतरी खेळायचं, आणि विजय आपल्या नावावर लागायचा. आपण फक्त त्याचे आहोत म्हणायचं.

मिस्सा सुटल्यावर बेर्तू चर्चच्या पायऱ्यांवर भेटला. हातात पत्रकाची सुरळी.

"भाजीवाला म्हणजे मीच ना?"

"उदाहरण आहे रे."

"छान लिहिलंयस. पण एक सांग, प्रोफेसर. दुसऱ्याचा विजय आपला होतो, ठीक. दुसऱ्याचं हरणं कुणी आपल्या अंगावर घेतलं तर? त्यावर लिही की कधी."

मग त्याने टेम्पोतून पिशवीभर टोमॅटो आणि पीच काढून दिले. "बाजारातले म्हणून सांग."

बेर्तूला धर्मशास्त्राचा गंध नाही, पण प्रश्न चांगला आहे. क्रूसावर एक लेख होऊ शकेल.

पांनी टोमॅटो हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघितला. "बाजारात हल्ली माल चांगला येतोय," म्हणाले. मी हो म्हटलं. हे खोटं दर आठवड्याला बोलतो मी. किरकोळ पापांत धरतो.

२७ जून, रविवार

काल फ्रेडूच्या बारमध्ये गेलो. डुन साव्हेरचा आग्रह आणि थोडी माझीही इच्छा. इटली-ऑस्ट्रिया सामना जादा वेळेत गेला. टेबलं लांब लांब मांडलेली, तोंडावर मास्क, पण गोल झाल्यावर सगळे एकमेकांच्या गळ्यात. माझ्या बाजूच्या माणसाने मलाही मिठी मारली. मग मला ओळखून "सॉरी हं, सर" म्हणाला.

फ्रेडूच्या मागच्या खोलीत प्लायवूड येऊन पडलंय. हरलेल्याची अंत्ययात्रा काढायची आमच्याकडे रीत आहे. शवपेटी करायची, तिला हरलेल्याचा झेंडा लावायचा, गावभर हॉर्न वाजवत फिरवायची आणि त्या संघाच्या सगळ्यात कडव्या भक्ताच्या दारी नेऊन उभी करायची. पेटीवर काळ्या चौकटीची सूचना डकवतात, खऱ्या मयताची छापतात तशी. सूचना जितकी खरी वाटेल तितकं हसू जास्त.

फ्रेडूचा पुतण्या माझ्यापाशी आला. "सर, इंग्लंड हरलं तर सूचना तुम्हीच लिहा ना. दोन हजार बाराची म्हणे जबरी होती. सगळे अजून..."

"कार्लिन!" फ्रेडू काउंटरवरून ओरडला. "ग्लास कोण उचलणार, तुझा बाप?"

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "पोरांना अक्कल नसते, सर. बसा तुम्ही."

मी बसलो नाही. या विषयावर आज लिहीत नाही.

२९ जून, मंगळवार

संत पेत्र आणि पौलाचा सण. लसूण-वाइन घालून ससा शिजवला, माची पद्धत. संध्याकाळी सहाला इंग्लंड-जर्मनी. दुसरा गोल झाला तसे पा गुडघे विसरून उभेच राहिले. मला म्हणाले, "बघितलंस? पंचावन्न वर्षं वाट बघतोय मी. पंचावन्न!"

"अभिनंदन, पा."

"अभिनंदन काय? तू काय बँकेतला मॅनेजर आहेस?" मग जरा वेळाने, "ससा बराच उरलाय."

"उद्या खाऊ."

"त्या डोरिसला ससा जमत नाही. मागे एकदा केला होता तर नुसता चिवट. अजून तसाच करत असेल."

डोरिस म्हणजे बेर्तूची बायको. पा तिच्याबद्दल उगाच असं बोलतात, मला आवडत नाही. मी विषय बदलला.

४ जुलै, रविवार

दोघंही जिंकत निघालेत. तक्ता असा आहे की इटली आणि इंग्लंड समोरासमोर आले तर ते अंतिम सामन्यातच. गावात दुसरा विषय नाही. मी बाकावर बसून राहणाऱ्या राखीव खेळाडूंवर लिहिलं : सराव सगळा करायचा, आणि मैदानात कधी उतरायचं नाही. डुन साव्हेर म्हणाले, "यातला राखीव खेळाडू फारच बारकाईने आलाय." स्तुती होती की काय, कळलं नाही.

बेर्तू यायचा नाही, पा बोलवायचे नाहीत. पण मी मध्ये काय करतोय?

८ जुलै, गुरुवार

ठरलं. रविवारी इटली विरुद्ध इंग्लंड.

आता लिहितो. नाही लिहिलं तर पत्रकात पुढची ओळ लिहायचा मला अधिकार नाही.

२०१२ साली हेच दोन संघ भिडले होते. चोवीस जून, रविवार. इंग्लंड पेनल्टीवर हरलं. सोमवारी दुपारी बँड क्लबच्या अंगणात बेर्तू आणि त्याची टोळी पेटी ठोकत होती. मी शाळेतून येताना तिथे थांबलो. कुणीतरी म्हणालं, "सूचना विस्टिनला लिहू द्या, तो शिकलेला आहे." आणि त्यांनी मला खुर्ची दिली. माझ्यासाठी बियर आणली. मी सदतीस वर्षांचा होतो आणि क्लबात मला कुणी खुर्ची दिल्याचं आठवत नव्हतं.

मोठा पुठ्ठा घेतला, काळा रंग घेतला. लांबूनही वाचता यावं म्हणून अक्षरं ठळक काढली. वर क्रूस, खाली लिहिलं : दीर्घ व व्यर्थ आशेने ग्रासलेली आपली लाडकी, शेवटच्या फटक्यापर्यंत झुंजत, शांतपणे गेली. आणि शेवटी : मागे शोकाकुल झारेन, निवृत्त फिटर. झारेन म्हणजे आमचे पा. "लाडकी" हा माझाच शब्द. टीम असं मुद्दाम लिहिलं नाही. खरं वाटायला हवं होतं. लोक पोट धरधरून हसले. मीही.

मा दोन आठवडे इस्पितळात होती. त्या दिवशी सकाळी पांचा शाळेत फोन आला होता : "तिला दुपारी घरी सोडतायत." हे मला ठाऊक होतं. क्लबात कुणालाच नव्हतं, बेर्तूलाही नाही. पा त्याला संध्याकाळी सांगणार होते. मी सांगितलं असतं तर वरात आमच्या गल्लीत आली नसती. मग माझी सूचना कुणी वाचली असती? मा मागच्या खोलीत झोपलेली असेल, असं मी मनाला सांगितलं.

ती पुढच्या सज्जात बसली होती. उन्हात बसायचं म्हणून हट्ट केला होता तिने.

शवपेटीने ती घाबरली नसती. अशा पेट्या तिने आयुष्यभर पाहिल्या होत्या. ब्याऐंशी साली इटलीने विश्वचषक जिंकला तेव्हा तर पेटी उचलणाऱ्यांना तिने साखरबदाम वाटले होते. पण औषधांनी तिचं डोकं जड झालेलं. तिने पुठ्ठा वाचला. सगळा, हळूहळू, वाचला. मग आत वळून पांना विचारलं, "झारेन, तू शोकाकुल का? मी गेले का रे?"

पा खाली उतरले. तोवर मी मागच्या दाराने घरात येऊन त्यांच्या पाठीशी उभा होतो. त्यांनी विचारलं, "कुणी आणलं हे?"

पुढचा दांडा बेर्तूच्या खांद्यावर होता. तो म्हणाला, "मी."

"आणि हे लिहिलंय कुणी?"

बेर्तूने माझ्याकडे बघितलं. डोळ्याची पापणी लवते तेवढंच. मग म्हणाला, "मीच."

मा तिसऱ्या दिवशी गेली. मध्ये दोन दिवस ती तेच विचारत होती. डॉक्टर म्हणाले, तशीही आठवड्याभराचीच सोबत होती. हे वाक्य मी नऊ वर्षं जपून ठेवलंय.

दफनाच्या दिवशी बेर्तू मला म्हणाला, "तुला त्यांच्या घरात राहायचंय. मला नाही. तू गप्प बस." आणि मी त्याचं ऐकलं. एरवी मी त्याचं कधी काही ऐकलेलं नाही.

९ जुलै, शुक्रवार

बेर्तूला फोन केला. रविवारी सामना बघायला घरी ये म्हटलं.

"पांनी बोलावलंय?"

"मी बोलावतोय."

"मग नको."

"बेर्तू, मी त्यांना सांगतो सगळं."

पलीकडे त्याने टेम्पोचं इंजिन बंद केलं. "आता? अरे, एकोणऐंशी वर्षांचा माणूस. त्याला एकच मुलगा उरलाय, तोही काढून घेणार का तू?" मग म्हणाला, "आणि माझी नऊ वर्षं फुकट घालवणार?"

मला हे वळण सुचलंच नव्हतं. सांगणं म्हणजे त्याने दिलेलं परत फेकणं, असंही होतं का? न सांगण्याला हे कारण फार सोयीचं आहे, हेही दिसतंय.

१० जुलै, शनिवार

डुन साव्हेरकडे पापनिवेदन केलं. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे याआधी कुणाकडे केलंयस?"

"दर वर्षी करतो. आठ वेळा झालं."

"कुठे?"

मी गावांची नावं सांगितली. कुठल्याही गावी दुसऱ्यांदा नाही. पलीकडच्या गोझो बेटावर सुद्धा.

"गोझोला? बोटीने?"

"हो."

ते हसले. जाळीपलीकडून हसण्याचा आवाज येणं बरं वाटत नाही. मग म्हणाले, "पोरा, देवाने पहिल्याच वेळी क्षमा केली. पुढच्या सात खेपा तू बोटीवाल्याला दिल्यास. ज्याच्याकडे बोलायचं तो तुझ्या घरात वरच्या मजल्यावर बसलाय. चौदा पायऱ्या."

"त्याने ते मरतील तर?"

"तुला त्यांच्या मरणाची भीती नाही. ते जिवंत राहून तुझ्याकडे बघतील, त्याची आहे."

प्रायश्चित्त म्हणून एकच प्रार्थना दिली. इतकं कमी मला कधी कुणी दिलेलं नाही.

१२ जुलै, सोमवार

कालचं लिहितो.

पांनी दुपारपासून जुना पांढरा शर्ट घातला होता. दुसऱ्याच मिनिटाला इंग्लंडचा गोल. त्यांनी माझा हात धरला आणि सोडायचा विसरले. मी सामना बघत नव्हतो. कधी सांगायचं, हे ठरवत होतो. मध्यंतरात सांगू म्हटलं, मध्यंतर गेलं. इटलीने बरोबरी केली तेव्हा त्यांनी हात काढून घेतला. मग जादा वेळ. मग पेनल्टी.

इंग्लंडच्या शेवटच्या तिघांच्या पेनल्टी गेल्या. अगदी शेवटचा एकोणीस वर्षांचा. पा म्हणाले, "एवढ्याशा पोराला शेवटी कशाला उभं केलं? मोठे कुठे गेले सगळे?" आणि टीव्ही बंद केला.

हॉर्न सुरू झाले. पांनी विचारलं, "दार लावलंय ना?"

मी सज्जात गेलो. खाली आमच्या उंबरठ्याबाहेर भाजीचा क्रेट उलटा टाकून बेर्तू बसला होता. अंगात इटलीचा निळा शर्ट, पाठ आमच्या दाराकडे. समोरच्या तेरेझने तिच्या खिडकीतून सांगितलं, "मध्यंतरापासून बसलाय हो. पाणी दिलं तर नको म्हणाला."

वरात वळून गल्लीत आली. पुढे कार्लिन, खांद्यावर पेटी. बेर्तू उठला.

"फिरा मागे."

"अरे काका, जिंकलो आपण! सरका ना!"

"जिंकलो ना? झालं. आता मागे फिरा."

"पण झारेनच्या दारी न्यायची रीतच..."

"कार्लिन, तुझ्या आईला मी उद्या वांगी देणार आहे. तिला काय काय सांगू, बोल!"

कुणीतरी हसलं. पेटी जागच्या जागी वळवायला गल्ली अपुरी पडली, म्हणून ते उलट्या पावलांनी मागे गेले. कोपऱ्यापर्यंत.

पा केव्हा माझ्यामागे येऊन उभे राहिले, कळलं नाही. सज्जाच्या फळ्यांच्या फटीतून खाली बघत होते. म्हणाले, "मध्यंतरापासून? म्हणजे याने स्वतःच्या टीमचा गोल पाहिला नाही?"

"नाही."

"पेनल्टी पण नाही?"

"नाही, पा."

"वेडा आहे," म्हणाले. दार मात्र उघडायला सांगितलं नाही. बेर्तूने क्रेट उचलला आणि गेला.

आजही सांगितलं नाही. उद्या.

१३ जुलै, मंगळवार

सांगितलं.

सकाळी, चहानंतर. मी उभा राहून सांगायला लागलो, तर म्हणाले, "बस." मग बसून सांगितलं. पुठ्ठा, रंग, "लाडकी", त्यांचं नाव. फोन आला होता तेही. मध्ये एकदाही थांबवलं नाही त्यांनी. त्यांच्या हातात चष्मा होता, तो शर्टाच्या टोकाने पुसत राहिले.

सगळं झाल्यावर विचारलं, "बेर्तूला माहीत होतं का, ती घरी आलीय ते?"

"नाही. मी सांगितलं नव्हतं."

"हं."

मग चष्मा उजेडाकडे धरून : "लिहिताना हसत होतास?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. नऊ वर्षांत एकाही पाद्रीने तो विचारला नव्हता. गंभीर चेहऱ्याने लिहिलं असं म्हणता आलं असतं. "हो, पा," मी म्हटलं. "खूप हसत होतो."

त्यांनी चष्मा घातला. टोपी मागितली नाही, स्वतः उठून घेतली. काठी घेतली. चौदा पायऱ्या एकेक करून उतरले. मी हात पुढे केला तर त्यांनी कठडा धरला.

बाहेर ऊन होतं, दक्षिणेकडचा उष्ण शिरोको वारा सुटलेला. मी वीस पावलं मागून चाललो होतो. तीन गल्ल्यांना त्यांना अर्धा तास लागला. दोनदा भिंतीला टेकले. वाटेत लोक परवा हरल्याबद्दल चिडवायला तोंड उघडत आणि त्यांचा चेहरा बघून मिटत. फ्रेडू बारच्या दारात उभा होता, त्याने टोपी काढली.

बेर्तूचं दार डोरिसने उघडलं. तिच्या हातात सुरी होती, कसली तरी भाजी चिरत होती. ती दारातून बाजूला झाली. पा म्हणाले, "ससा वगैरे काही करू नकोस. पाणी दे." आणि आत गेले. दार लागलं.

मी पलीकडच्या पदपथावर तासभर थांबलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. मग बेर्तूचा आवाज आला, मोठ्याने, चिडलेला : "पण पा, ती ऑफसाइडच होती!" आणि पा त्याहून मोठ्याने काहीतरी ओरडले. मी घरी आलो.

१८ जुलै, रविवार

पा अजून तिकडेच आहेत. बुधवारी बेर्तू औषधं आणि कपडे न्यायला आला होता. मी यादी करून ठेवली होती : कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर.

"रागावले आहेत का?" मी विचारलं.

"तुझं नाव काढत नाहीत. माझं नाव नऊ वर्षं काढत नव्हते ना, तसंच." मग म्हणाला, "मीही रागावलोय हं तुझ्यावर. पण मला रात्री झोप लागते आता. काय करणार?"

डुन साव्हेरनी शेवटचा लेख मागितला. मी म्हटलं, दुसऱ्याने खेळलेल्या सामन्याबद्दल जे लिहिलं होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळल्यासारखं वाटतं, पण लिहिता येत नाही. ते म्हणाले, मग जागा कोरी ठेवू. आज पत्रकात तिथे भाजी-जत्रेची जाहिरात आली आहे.

मिस्साला पा आले होते. बेर्तूच्या हाताला धरून, तिसऱ्या बाकावर. मी मागे खांबाशी होतो. शांतीचा हात द्यायची वेळ आली तेव्हा हल्ली नुसती मान लववतात, साथीमुळे. सगळं चर्च इकडेतिकडे वळून माना लववत होतं. पा समोरच बघत राहिले. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्यांना गुडघ्यांमुळे वळता येत नसेल. नाही, हेही खरं नाही. त्यांना वळायचं नव्हतं.

घर फार मोठं वाटतं. मंगळवारपासून चूल पेटवली नव्हती. एकट्यासाठी कशाला म्हणून पाव आणि चहावर चाललं होतं. इंग्लंड हरलं याचं मला वाईट वाटतंय, हे आज पहिल्यांदा ध्यानात आलं. सांगायला कुणी नाही.

दुपारी बेर्तू टेम्पो घेऊन थेट दारात आला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. खाली उतरला नाही, खिडकीतूनच पिशवी दिली : वांगी, टोमॅटो, अंडी.

"पा काल विचारत होते, तू जेवतोस का."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला काय माहीत, त्यालाच विचारा."

"मग?"

"मग काय? गप्प बसले." त्याने गिअर टाकला. "पण विचारलं."

टेम्पो गेल्यावर मी वांगी भरली. संध्याकाळी अंडी केली. आज दोन्ही वेळा नीट जेवलो, ताट वाढून, टेबलावर बसून. कुणी विचारलं तर खरं सांगता यावं म्हणून.